पाच प्रकरणं आणि एक हेडफोन

१ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. आजपासून आयुष्याला काही हेतू आहे.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं लागलं. (यादी आजच उघडली. तरी पहिलं ते पहिलं.) माझ्या वाट्याला मिस्बाह आली. पातूरची. अमरावतीला होस्टेलवर राहते, बी.ए.चं पहिलं वर्ष. राज्यशास्त्राची पाच प्रकरणं तिला वाचून हवी आहेत. पेपर २४ नोव्हेंबरला. म्हणजे बारा आठवडे. आठवड्याला एक धरलं तरी सात आठवडे उरतात. त्यात इतिहासही वाचून देईन, असं तिला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी राज्यशास्त्र द्या ताई.

बाबांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत अकोल्यात मोटारसायकलचं सीट शिवायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळलं की किसनरावांची पोरगी पदवीधर तर आहेच, वर आंधळ्या पोरीला शिकवते आहे.

शिक्षण घेणाऱ्याने ते पुढे दिलंच पाहिजे. उद्यापासून.

४ सप्टेंबर
पहिलं पान वाचून फोनवर रेकॉर्ड केलं. मग ऐकलं. पंखा. आईने टाकलेली फोडणी. गल्लीत भंगारवाला. आणि माझा ‘स’ शिट्टीसारखा.

जिला दिसत नाही तिच्यासाठी आवाज हेच पुस्तक. आपण तिला फाटकं पुस्तक देणार का? डिलीट केलं.

चुका ओळखायच्या तर हेडफोन चांगला हवा, असं वाचनात आलं. हे वाचन चार तास चाललं. राज्यशास्त्राचं उद्या.

९ सप्टेंबर
हेडफोन आला. अमरावतीचे देवानंद म्हणून एक सरकारी नोकरीतले गृहस्थ आहेत. हेडफोनवाल्यांच्या ग्रुपवर भेटले. त्यांच्याकडे सात हेडफोन आहेत, त्यातला एक मला विकला. जुना, पण जर्मन. दोन्ही बाजूंना जाळी. स्टुडिओतली माणसं हाच वापरतात म्हणे.

आईला सांगितलं, मी शिकवते त्या क्लासमधून मिळाला. हे खोटं नाही. पगार क्लासमधूनच मिळतो, दोन महिन्यांचा गेला.

१० सप्टेंबर
मिस्बाहचा व्हॉइस मेसेज आला, पुस्तकाबद्दल. एक मिनिट चाळीस सेकंद. नव्या हेडफोनवर ऐकला आणि अंगावर काटा आला. तिच्या खोलीतला पंखा उजवीकडे आहे. हातात काचेच्या बांगड्या आहेत, दोन. बाहेर कोणीतरी बादली भरतंय. मी अकोल्यात नव्हतेच, तिच्या पलंगावर बसले होते. बारा वेळा ऐकला. यापुढे हेडफोन तपासायला हाच मेसेज लावायचा.

तिला कळवलं, मेसेज मिळाला, फार छान. ती म्हणाली, मग तसंच करा ताई. मी हो म्हटलं.

१५ सप्टेंबर
क्लासमधल्या मुलींनी विचारलं, मॅडम, कानाला काजळ कावून लावलं? हेडफोनच्या कानावरच्या गाद्या जुन्या झाल्यात. त्यांचा काळा भुगा झडतो. देवानंद म्हणाले, मॅडम, गादी बसली की आवाज बसला. म्हणजे गेले सहा दिवस मी चुकीचं ऐकत होते. बरं झालं रेकॉर्डिंग सुरू केलं नाही.

बाबा जेवताना एक गादी हातात घेऊन बराच वेळ बघत होते.

१७ सप्टेंबर
बाबांनी गाद्या शिवून आणल्या. बुलेटच्या सीटसाठी राखलेला फोम, काळं रेग्झिन, लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई. कानाला इतक्या मऊ की डोळे मिटतात.

पण आवाज घुमतो. मिस्बाह बोलते आहे की वरातीतला डीजे, कळत नाही. बाबांना म्हटलं, झकास. गाद्या काढून कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या. रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे भाकरी दोनच खाल्ल्या.

२६ सप्टेंबर
मेंढीच्या कातड्याच्या गाद्या परदेशातून मागवल्या. यायला दोन-तीन आठवडे. तोवर रेकॉर्डिंग करणं तत्त्वाला धरून होणार नाही.

मिस्बाहचा फोन. सांगितलं, तांत्रिक काम सुरू आहे. तिने विचारलं, कशाचं? मी म्हटलं, गुणवत्तेचं. ती बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ फार छोटं असतं.

संकल्प : दसऱ्याच्या आत निदान एक प्रकरण. नुसतं वाचून तरी ठेवायचं.

३ ऑक्टोबर
दसरा काल झाला. हेडफोनला झेंडू वाहिला. पुस्तकाला वाहायचा राहिला.

११ ऑक्टोबर
गाद्या आल्या! काय तो आवाज. बादलीत पडणारं पाणी थेंबाथेंबाने मोजता येतं. फक्त सगळं लांबून ऐकू येतं. फोनचा आवाज पूर्ण वाढवूनही लांबच.

देवानंदांनी समजावलं की असा हेडफोन फोनच्या दमाने चालत नाही, त्याला आवाजाचा जोर वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प लागतो. आत्ता तुम्ही बकरीला कापसाच्या गाडीला जुंपलंय, मॅडम. हे पटलं. त्यांच्याकडे तीन अ‍ॅम्प आहेत. येऊन ऐका म्हणाले.

१४ ऑक्टोबर
बाबांनी नव्या गाद्या पाहिल्या. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर हेडफोन त्यांच्या मांडीवर. अंगठ्याने गादी दाबून पाहिली, शिवण उलटून पाहिली. म्हणाले, “मशीनचं काम हाये. फोम बरा हाये.”

मी म्हटलं, तुमच्या गाद्या जपून ठेवल्यात, खराब होऊ नयेत म्हणून. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, त्या पोरीचं किती झालं? मी तांत्रिक कामाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“सीट शिवून नाई झालं तरी मानूस गाडी नेते, बाई. गोनपाट टाकून बसते, पन जाते.”

बाबांना आवाजाच्या क्षेत्रातलं फारसं कळत नाही. दिवसभर वाईट मात्र वाटत राहिलं.

१८ ऑक्टोबर
अमरावती. ठरवलं होतं असं : सकाळी देवानंदांकडे तासभर, बाराला मिस्बाहच्या होस्टेलवर, तिथे समोर बसून दोन प्रकरणं वाचून द्यायची. तिला तसं कळवलंही होतं. पुस्तक पिशवीत होतं.

देवानंद प्रत्येक अ‍ॅम्पवर तबल्याचा तोच वीस सेकंदांचा तुकडा लावत होते. मग गाद्या बदलून पुन्हा. त्यांच्या बायकोने दोनदा चहा आणि एकदा पोहे आणले, आणि मला हळूच विचारलं, तुमाले तरी फरक समजते का? मी हो म्हटलं. समजत नव्हता. म्हणूनच वेळ लागला. घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेपाच.

अ‍ॅम्प घेऊन एसटी स्टँडवर आले आणि मिस्बाहचा फोन आला. बारापासून गेटजवळच्या बाकावर बसून होती. चहा आणला होता, तो दोनदा गरम करून झाला. मी सांगितलं, आईला बरं नव्हतं म्हणून अकोल्याहून निघताच आलं नाही.

त्याच वेळी माझ्या मागे कंडक्टर ओरडला. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, चला अकोला.

 मिस्बाह म्हणाली, “सावकाश जा ताई.”

पूर्ण रस्ता अ‍ॅम्प मांडीवर होता. चांगलाच जड आहे.

१९ ऑक्टोबर
गोंगाटात तिला नीट ऐकू आलं नसेल. सावकाश जा, असं आपण कोणालाही म्हणतोच. आईच्या आजाराचं खोटं बोलले म्हणून आईचे पाय चेपून दिले. आई म्हणाली, काय मागतं?

संकल्प : दिवाळीत पाचही प्रकरणं.

२९ ऑक्टोबर
दिवाळीत फटाके. रेकॉर्डिंग कसं होणार?

आता पहाटे पाचला उठते. पंखा बंद, खिडकी बंद, अंगावर गोधडी. माझं स्वतःचं बी.ए.चं पुस्तक, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित. रोज एक परिच्छेद. मग अ‍ॅम्पवर ऐकून मधले श्वास कापून टाकते. एका परिच्छेदात सरासरी बावीस श्वास. मी इतका श्वास घेते हे माहीत नव्हतं.

११ नोव्हेंबर
पहिलं प्रकरण पूर्ण! ‘राज्याच्या उत्पत्तीचे सिद्धांत’. एक्केचाळीस मिनिटं. पंखा नाही, फोडणी नाही, श्वास नाही. एखाद्या मेलेल्या विदुषीने वाचल्यासारखं शुद्ध.

तुलनेसाठी मिस्बाहचा जुना मेसेज लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा शेजारी मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, “किती डाव ऐकशील वं? मले पाठ झालं. जुनं पुस्तक चालत नाई म्हनते ते पोरगी. नवीन घ्या म्हनते, हिरव्या कव्हरचं.”

मी म्हटलं, तुला कसं ऐकू आलं? हेडफोन माझ्या कानावर आहे. आई म्हणाली, त्या जाळीतून सारं भायेर येते. दोन महिने झाले, मी ऐकूनच राहिली.

मी तो मेसेज पहिल्यांदा ऐकला. म्हणजे शब्द ऐकले. अभ्यासक्रम बदलला आहे ताई. जुन्यातलं पहिलं प्रकरण आता नाही. हिरवं पुस्तक घ्या, नाही मिळालं तर मी पाठवते. तुम्ही हो म्हणा म्हणजे मी दुसऱ्या कोणाला त्रास देणार नाही.

मी हो म्हटलं होतं.

१२ नोव्हेंबर
हिरवं पुस्तक आणलं. पाच प्रकरणं, बारा दिवस. हिशोबाने शक्य आहे. वेळापत्रक तीन रंगांत करून भिंतीवर लावलं. मिस्बाहला खरं काय ते सांगणार होते. फोन लावला आणि तब्येत कशी आहे विचारून ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर
समोर लग्न. चार दिवस बँड.

वेगळा मार्ग सुचला. परीक्षेत मिस्बाह सांगेल ते मीच लिहावं, लेखनिक म्हणून! होस्टेलच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. तुमचं शिक्षण किती? मी सांगितलं. नाही चालणार म्हणाल्या.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी आडवी येण्याचीही ही पहिलीच वेळ.

२३ नोव्हेंबर
नवीन पुस्तकाचं पहिलं प्रकरण, अर्धं. श्वास न कापता पाठवलं. सोबत जुनं एक्केचाळीस मिनिटांचंही पाठवलं, सामान्य ज्ञान म्हणून. मिस्बाहने कळवलं, पोचलं ताई.

उद्या पेपर.

२४ नोव्हेंबर
उपास धरला. दुपारी साबुदाणा खाल्ला, तो उपासात चालतो. संध्याकाळी भजी खाल्ली, ती चालत नाहीत.

बाबांनी दुकानातून फोन केला. पोरीचा पेपर कसा गेला? दोन गिऱ्हाइकं विचारून राहिली. मी म्हटलं, गेला असेल चांगला. बाबा ‘आमच्या पोरीनं वाचून देल्ला’ असं कोणाला तरी सांगत असतानाच फोन बंद झाला.

३ डिसेंबर
शेवटी मीच फोन केला. पेपर छान गेला म्हणाली. खूश होती, भरभर बोलत होती. तिला सगळं नईमाने वाचून दिलं. नईमा होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, दहावीपर्यंत शिकली आहे. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळीच मिस्बाहने तिला विचारलं. नईमा म्हणाली, मले वेळ फक्त भाजी शिजेपर्यंत असते. तिने फोन ओट्यावर उभा केला आणि कणीक मळता मळता पाचही प्रकरणं वाचली. तीन आठवड्यांत.

मिस्बाह हसून सांगत होती की स्वातंत्र्याचे प्रकार कुकरच्या दुसऱ्या शिट्टीनंतर येतात, आणि सार्वभौमत्व हा शब्द नईमा तीन तुकडे करून वाचते, त्यामुळे पेपरात तो विसरणं शक्यच नव्हतं. ऐकते ती फोनच्या स्पीकरवर, दुप्पट वेगाने.

मी विचारलं, माझं ऐकलं का?

“ऐकलं ना ताई. लई साफ हाये. एवढं साफ, की मले झोप लागली.”

मी म्हटलं, त्या शनिवारी मी अमरावतीलाच होते. ती म्हणाली, हो. इतकंच.

४ डिसेंबर
बाबांना सांगितलं. हेडफोन कशाचा, गाद्या कुठल्या, पोरीला कोणी वाचून दिलं, सगळं. ते शिलाई मशीनवर होते. पाय थांबला नाही. सीट पूर्ण केलं, दोरा तोडला. म्हणाले, दुकानात कोनी विचारलं तर काय सांगू, तेवढं तूच सांग.



२२ डिसेंबर
अठरा दिवस विचार करून मिस्बाहला लिहिलं : पुढच्या सेमिस्टरचं मी वाचते. साध्या फोनवर. पंख्यासकट. आजच सुरू करते.

तिचा व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. राहू द्या ताई, तुम्ही कामात असता. घरच्यांना सलाम सांगा.

हेडफोन लावला. अ‍ॅम्प सुरू केला. राग कुठे आहे ते शोधत तीनदा ऐकला. नाहीच. असता तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्यांदा आवाज पूर्ण वाढवला. मिस्बाहच्या आवाजामागे, डावीकडे, जरा लांब, आणखी एक आवाज होता. नईमाचाच असणार. ती अडखळत, एका सुरात वाचत होती. शेवटच्या सेकंदाला तिने पान उलटलं आणि म्हणाली, पान सतरा.

पुढच्या सेमिस्टरचं पुस्तक बाजारात आलंय, हे मला माहीतच नव्हतं.