माझ्या मार्गदर्शनाखाली पकडलेले अणू

५ जानेवारी
एकतीस मार्चला निवृत्ती. त्याआधी रुबिडियमचे अणू पकडायचेच. सेकंदाला तीनशे मीटर पळतात. सहा बाजूंनी लेझर सोडायचा. समोरून येणाऱ्या अणूला प्रकाशाचा हलका धक्का, असे हजारो. थांबत आला की चुंबकाने धरायचा. सोपे आहे. आरसे लावण्याचे किरकोळ काम सलीलकडे. माझाच विद्यार्थी, आता आमच्याच डिपार्टमेंटला शिकवतो. मार्गदर्शन माझे. शोधनिबंधावर पहिले नाव कुणाचे, हा प्रश्नच येत नाही.

१९ जानेवारी
लेझर ठरलेल्या रंगापासून केसभर सरकला की त्याला त्या रंगावर धरून ठेवणारा लॉक सुटतो. मी दिवसभर टेबलाभोवती फेऱ्या घालत सूचना देतो, तरी सुटतोच. सलीलचा हात कच्चा.

२ फेब्रुवारी
संकल्प: रागवायचे नाही.
१०.२०: टेबलावर मूठ आपटली. लॉक सुटला. योगायोग.

१० फेब्रुवारी
मोठ गावच्या कॉलेजात लेझरवर तीन दिवस व्याख्याने. सलीलनेच जमवले. म्हणाला, तुमच्याशिवाय माणूस नाही. अखेर कदर झाली. सौ. इंदूने न कुरकुरता बॅग भरली, हे विशेष.

१३ फेब्रुवारी, परतीच्या बसमध्ये
श्रोते अकरा. चौघे मध्येच धान्यमंडीत गेले. एकंदरीत प्रभाव पडला.

१४ फेब्रुवारी
दगा. शुद्ध दगा. मी मोठला असताना इथे अणू पकडले. तिन्ही दिवस. सलीलला जाब विचारला. खाली बघत नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "सर जी, आप चलते हैं तो टेबल हिलता है. लॉक टूट जाता है."
ज्याला ओहमचा नियम मी शिकवला, त्याने मला मोठला धाडले!
घरी आलो तर इंदूलाही ठाऊक. त्याने तिला आधीच फोन केला होता. म्हणाली, "अहो, तुम्ही चालता तेव्हा कपाटातल्या बश्या वाजतात."
सदतीस वर्षे वाजताहेत. आज सांगते.

१६ फेब्रुवारी
ठराव: लॅबचे तोंड बघणार नाही. सलीलशी अबोला.
४.००: सदर बाजारात जाताना वाटेत लॅब लागली. लागत नाही, पण लागली. दार बंद होते.

१८ फेब्रुवारी
सलील घरी न्यायला आला. लॅबच्या दाराबाहेर माझी खुर्ची, समोर स्क्रीन. दारावर शोधनिबंधाचे पहिले पान, त्यावर माझे नाव पहिले. अबोला संपवला. बूट काढून बसलो. हललो नाही. स्क्रीनवर मधोमध पांढरा ठिपका उमटला. कोटभर अणू, जागच्या जागी. चौतीस वर्षे फळ्यावर नुसते बाण काढले होते. डोळे भरून आले.
न राहवून टाळी वाजवली.
ठिपका गेला.