खालचं दुखणं आणि शहाद्याचा डॉक्टर

६ जाने.
सुरत. पहिली शॉकवेव्ह, म्हणजे मशीनच्या धक्क्यांचा उपचार. अंडकोषामागे, बसायच्या जागी जेल लावून मशीनचं टोक दाबलं. टक-टक-टक. मी भिंतीकडे तोंड करून. इथला डॉ. म्हणाला, "इन्फेक्शन नाहीच. स्नायूंचं दुखणं. काहींना फरक पडतो, काहींना नाही." तसं त्याच्याकडून लिहून घेतलं. फरक पडो न पडो, मला तो कागद हवा होता.

शहाद्याच्या डॉ.ने न तपासता, बायकोसमोर, सुनंदासमोर विचारलेलं, "बाहेर कुठे जातोस का रे?" तिसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन माहेरी, ब्राह्मणपुरीला. दोन वर्षं झाली.

१३ जाने.
दुसरी. परतीला नंदुरबारपर्यंत उभाच. एसटीचा ड्रायव्हर, आणि दहा मिनिटं बसवत नाही. डेपोत हलकं काम देतात. का, ते सगळ्यांना माहीत. निदान तसं त्यांना वाटतं.
शहाद्यात बाजाराच्या दिवशी दवाखाना भरतो. जायचं तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर.

२० जाने.
तिसरी. ठणका कमी. आई म्हणाली, "आज बठीसन जेवना तू." मी मात्र शहाद्याच्या डॉ.चाच चेहरा आठवत होतो.

२७ जाने.
चौथी, शेवटची. थोडं उरलंय. राहू दे.

२८ जाने.
शहाद्याला गेलो. भरल्या दवाखान्यात कागद मोठ्याने वाचला. कुठे दुखतं तेही सांगितलं. बायका खाली बघू लागल्या. डॉ. केबिनबाहेर आला. "मी नुसतं विचारलं होतं. सगळ्यांनाच विचारतो."
त्याला माझं नावही आठवेना.
सु.ला फोन लावून त्याच्या हातात दिला. स्पीकरवर. "ताई, यांना तसला आजार नव्हता. मी बोलायला नको होतं." मान खाली. हेच बघायचं होतं दोन वर्षं.
 मग सु., "आन् मी यास्ले इचारंबी नई, ती चूक कोनी?"
फोन ठेवला तिने.

३० जाने.
डॉ.ला मान खाली घालायला लावल्याचं समाधान एक दिवस पुरलं. आज सु.चा फोन. "आते दुखस का?"
"कमी शे."
"मी घर येऊ का?"
सांगतो म्हटलं.  तिला ताटकळत ठेवून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आईने ऐकलं. म्हणाली, "आन् पोरगी? तिन्हं काय चुकनं?"
 फोन समोर ठेवलाय. अजून लावलेला नाही.