करडईच्या तेलाचे ब्रेक

लातूर

प्रिय सिंधु,

तुला सुखाचं पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण अप्पांनी तेवढं सुख शिल्लक ठेवलेलं नाही. तू पहिलटकरीण, तुला बाळंतपणाला इकडं आणायचं आणि तेही आपल्या जुन्या लँडमास्टर मोटारीतूनच, हे त्यांनी दिवाळीतच जाहीर केलंय. तिचे ब्रेक लागत नाहीत, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते भर बाजारात, त्यांच्या शेजारी बसले असताना. गाडी थांबली ती कडब्याच्या गंजीत शिरून.

नरसिंग मिस्त्री म्हणाला, ब्रेक ऑइल संपलंय, नवं आणा. ज्याच्या दारात करडईचा घाणा आहे तो माणूस तेल विकत आणेल होय? अप्पांनी घाण्यावरचंच ओतलं. मी हात धरला तर म्हणाले, "माणसाच्या पोटाला चालतंय, ते मोटारीला का चालत न्हाई?"

चाललं की, चार दिवस चाललं. मग आतली रबरं फुगली, तेलाचा चिकटा झाला, आणि गाडी नव्या कलेक्टर कचेरीसमोर नंदीसारखी बसली. लागलेले ब्रेक सुटेचनात. जिल्हा झाल्यापासून तिथं ही गर्दी! नरसिंगनं कसेबसे ब्रेक सैल केले आणि आपल्याच घाण्याचे बैल जुंपले. त्यांना जन्मात सरळ चालायची सवय नाही. घरी येईपर्यंत गाडी सारखी डावीकडं वळत होती आणि अख्खं लातूर हसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून अंगणात चाकांचे ड्रम, ब्रेकच्या पट्ट्या, स्प्रिंगा, सगळा पसारा. टँकर दिवसाआड येतो. मी भांडून दोन घागरी मिळवते, त्यातली एक अप्पा सोडा घालून ड्रम धुवायला घेतात. परवा मी ती हिसकावली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सोडायचा. अप्पांचा दुसऱ्या कुणाच्या पायावर विश्वास नाही, म्हणून शाळेत शिकवून आले की पेडलवर मीच. दाब, धर, सोड. पोटऱ्या भरून आल्यात बघ.

पण काल ब्रेक लागले. नवी रबरं, खरं ब्रेक ऑइल. वाटेत म्हैस आडवी आली तर गाडी जागच्या जागी उभी राहिली. अप्पांनी बॉनेटला विभूती लावली. मग पाठमोरेच म्हणाले, "तुमची अव्वा असती तर आपल्या लेकीला आणायला तीच गेली असती." इतके दिवस मी त्यांच्यावर चिडले होते, त्या एका वाक्यानं तो राग गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सिंधु, तू येऊ नकोस. इथं प्यायला पाणी नाही, बाळ-बाळंतिणीला कशानं न्हाऊ घालू? तुमच्या अर्धापुरात केळीला पाट भरून पाणी मिळतं, बाळाला मिळेलच. हे मी अप्पांना दहादा सांगितलं, पण लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच, यापुढं त्यांची गाडी जात नाही. माझं ते ऐकत नाहीत. तुझ्यापुढं मात्र त्यांचं काही चालत नाही. सोमवारी आम्ही निघतोय. त्यांना वाटतंय, तुला आणायला. डिकीत मी डिंक-खारका, अव्वाच्या लुगड्यांची दुपटी आणि माझे कपडे भरलेत. तुझ्या बाळंतपणापुरती शाळेत रजाही टाकलीय. तू दारातच सांग, डॉक्टरीणबाईंनी गाडीत बसायला मनाई केलीय. एवढ्या खोट्याचं पाप लागत नाही. सासूबाईंच्याही कानावर घालून ठेव. अप्पा चिडतील, गाडी वळवायला निघतील, तेवढ्यात मी डिकी उघडीन. तुला माहेरी येता येत नाही ना, मग माहेरच तुझ्या दारात आणून उभं करते. आता ते थांबेल. ब्रेक मी स्वतः दाबून बघितलेत.

तुझीच,
गंगाअक्का