कोण कुणाची

कोलकाता,
८ जुलै २०२४

तीर्थस्वरूप सुलभाकाकूंना,
यामिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. काकांच्या गुडघ्याला उतार पडतोय हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रच लिहायचं, हा तुमचा नियम मला आता आवडायला लागलाय. शरदला मात्र चार ओळी लिहायच्या म्हटलं की नोकरीवरची, बजबज गावच्या डेपोतली राहिलेली कामं आठवतात.

तुमच्या नातीची तब्येत उत्तम आहे. सध्या घरात इंग्रजीचं युद्ध चालू आहे. 'हिज' आणि 'हर' काही केल्या जागेवर बसत नाहीत, आणि त्यात तिचा दोष नाही. बंगालीत दोन्हीला एकच शब्द. मराठीत आपण वस्तूकडे बघतो. बॅग 'ती', म्हणून बाबाची असली तरी 'त्याची बॅग'. इंग्रजीत वस्तूकडे बघायचंच नाही, ती कुणाची आहे ते बघायचं. पोरीच्या डोक्यात तिन्ही भाषांची खिचडी झाली आणि तिने लिहिलं, 'माय फादर टेक्स हर बॅग टु बजबज'. मिसनी विचारलं, तुझे बाबा रोज कुठल्या बाईंची बॅग नेतात? वर्ग हसला, आणि ही घरी येऊन रुसून बसली.

मग मी फोटोंचा अल्बम काढला. बाबांचा चष्मा 'हिज', आजीची पैठणी 'हर', मिरजेचा झोपाळा तुमचा दोघांचा म्हणून 'देअर'. चार दिवसांत पक्कं झालं.

गेल्या आठवड्यात 'माझं कुटुंब' असा निबंध होता. पहिल्या ओळींत एकही चूक नाही. त्यात मीही आहे, 'माय फादर अँड हिज वाइफ' अशी. मिसनी बरोबरची खूण केलीय, आणि शिकवलंय मीच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण खरं सांगते काकू, मला फार वाईट वाटलं, पुढची ओळही न वाचता वही मिटली. लग्नाला वर्ष होऊन गेलं, ती मला मावशी म्हणते, अंगाला बिलगून झोपते, तरी वहीत मी नुसती बाबांची बायको. शरदला हे बोलले नाही. तुम्हाला का सांगतेय तेही कळत नाही.

काकांना नमस्कार. लोभ आहे तो राहू द्या.

आपली,
यामिनी


मिरज,
१९ जुलै २०२४

सौ. यामिनी यांना,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही लपवाछपवी केली नाहीत, हे आवडलं. मीही सरळच लिहिते.

मुलं निबंधात खोटं लिहीत नाहीत. वर्षभर तुम्ही तिचं सगळं केलंत, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण माया अशी शिकवणी लावून येत नाही, आणि त्यात तुमचाही इलाज नाही. आमची प्राजक्ता गेली तेव्हा नूपुर सहा वर्षांची होती. तेव्हाच तिला इकडे आणायचं माझ्या मनात होतं. शरदरावांनी ऐकलं नाही, आम्हीही गप्प बसलो. आता बसवत नाही.

इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्रात तिला घेऊ म्हणाल्या. मराठीही सुधारेल, परवाच्या पत्रात तिने मला 'तू कसा आहे' असं विचारलं होतं. शरदरावांना ह्यांनी फोन करून निबंधाचं आणि शाळेचं सांगितलं. ते म्हणाले, यामिनी म्हणेल तसं. तेव्हा आता तुम्हीच सांगा. आणि नूपुरला मिरजेला यायचंय का, ते तिने मला स्वतःच्या हाताने लिहावं.

तुमचा संसार नवा आहे, तुम्हालाही मोकळीक मिळेल. राग मानू नये ही विनंती.

सुलभा


कोलकाता,
२ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप सुलभाकाकूंना,
यामिनीचा शि. सा. नमस्कार.

राग आला नाही, भीती वाटली. दोनदा उत्तर लिहून फाडलं. मोकळीक मला नको आहे. शाळेतून यायला नूपुरला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी गॅलरीतून हलत नाही. पण ती तुमच्या प्राजक्ताची मुलगी आहे, आणि तुमच्या हक्काच्या आड मी कुठल्या तोंडाने येऊ? तिला यायचं असेल तर मी स्वतः आणून सोडीन. यायचं नसेल, तर मात्र तिला माझ्याजवळ राहू द्या, एवढंच मागते.

तिचं पत्र सोबत आहे. तिने ते चिकटवूनच माझ्या हातात दिलं. मी वाचलेलं नाही.

कृपा असावी.

यामिनी


(सोबतचं पत्र)

प्रिय आजीला आणि आजोबाला नमस्कार,

यामिनीमावशी आत भाजी करते. मी एकटी लिहिते म्हणून चूक झाली तर हसू नको.

तू विचारलं की मी मिरजला येते का. सुट्टीत येते. शाळेसाठी नाही येत. इकडे माझी फ्रेंड आहे आणि मावशी पण एकटी होणार.

बाबा म्हणाले, निबंधात मी 'हिज वाइफ' लिहिलं म्हणून तुला दुःख झालं. पण मिसने सगळे शब्द एकेकदा तरी वापरायला सांगितले होते. पहिला 'माय' मी बाबाला दिला. मग 'हिज'साठी मावशी आली. तिच्या पुढची लाइन मावशीने तुला सांगितली नाही का? मी लिहिलं, 'हर सिस्टर इज माय मदर'. मिसने तिथे लाल गोल केला आणि म्हणाली, तुझी मदर तिची सिस्टर कशी? मी म्हटलं, आहेच. मिसने बाबाला फोन केला. बाबाने खूप वेळ समजावलं, तरी मिसला समजलं नाही.

आजी, आमच्या देवघरात चांदीची आई आहे. छोटी, देवाच्या टाकासारखी. लग्नानंतर मावशी मला घेऊन बागबाजारला गेली होती, तिकडे चांदीचं काम करणारे एक म्हातारे दादू आहेत. त्यांना आईचा फोटो दाखवला. आम्ही मराठी आहोत हे समजलं तर ते हसले की बाबा रे, बर्गी आले, लुटणारे मराठे, पण हे बर्गी चांदी लुटत नाहीत, विकत घेतात. त्यांनी असा टाक कधी केलाच नव्हता. म्हणून आईच्या डोक्यावर बंगाली नवरीचा मुकुट करून टाकला. मावशी आधी घाबरली, मग म्हणाली, छान दिसतो.

मावशी रोज तिला हळदकुंकू लावते आणि 'ताई, ताई' करून सगळं सांगते. नूपुरला गणितात किती मिळाले, बाबा छत्री विसरले, सगळं. मी विचारलं, ही तुझी ताई आहे? ती म्हणाली, हो, माझी मोठी बहीण. म्हणून तर मी तिला मावशी म्हणते.

मी मिरजला राहिली तर ती ताईला माझं काय सांगणार?

तुझी नात,
नूपुर


मिरज,
१४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नूपुरचं पत्र वाचलं. आधी तुझा रागच आला. माझ्या मुलीचा टाक केला, रोज पूजा चालली आहे, आणि मला एका अक्षराने कळवलं नाही. पत्र घेऊन ह्यांच्याकडे गेले. ह्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं की प्राजक्ताची बहीण म्हणजे आपली कोण? स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडले.

पूर्वी दुसरेपणावर आलेली बाई पहिलीचा टाक करायची, ते सासूच्या सांगण्यावरून, आणि पुष्कळदा भीतीपोटी. तुला सांगणारं कुणी नव्हतं. तरी तू केलास, आणि वर तिच्याशी गप्पा मारतेस. माझी मुलगी त्या घरात रोज कुणाच्या तरी तोंडी आहे, हे मला माहीतच नव्हतं. मुकुटाचं मनावर घेऊ नकोस. प्राजक्ताला नटायची भारी हौस होती, तसाच राहू दे.

इथल्या शाळेत 'प्रवेश नको' म्हणून कळवून टाकलं आहे. नूपुरच्या मिसना समजावायचं काम शरदरावांचं. त्यांनी प्रयत्न चालू ठेवावा.

आता नीट ऐक. मुलीची लग्नानंतरची पहिली दिवाळी माहेरी असते. तुझी आमच्याकडून राहून गेली. या दिवाळीला माहेरपणाला ये. चांगली आठ दिवस राहा, कामाला हात लावायचा नाही. शरदरावांना म्हणावं, बायकोला माहेरचं बोलावणं आलंय, हाताने करून जेवा. नूपुर तुझ्याबरोबर येईल, आणि तुझ्याबरोबरच परत जाईल.

दोघींना पोटभर आशीर्वाद. येण्याचा दिवस लवकर कळव.

तुझी,
आई