खत्रूडचा वाडगा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. शिव्या तयार ठेवल्या असशील, त्या आधी देऊन घे. कुत्र्यांच्या आसऱ्यातलं काम अजून सोडलेलं नाही. पिंजरे धुतो, खाणं देतो, एकेकाला फिरवून आणतो.

रस्त्यावर सापडलेली, लोकांनी आणून सोडलेली कुत्री इथे येतात आणि पिंजरे कमी पडतात. ज्याला कुणी घरी नेईल असं वाटत नाही त्याला डॉक्टरीणबाई सुई देऊन कायमचं झोपवतात. दुष्ट नाहीत गं त्या. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेतात.

सध्या एक काळा कुत्रा आलाय. मी त्याला खत्रूड म्हणतो. एरवी गरीब, पण वाडग्यात तोंड घातलं की जवळ येणाऱ्यावर गुरगुरतो. इथे चाचणी असते. लांब दांड्याला लावलेला रबरी हात वाडग्यात घालून बघतात. खत्रूडने त्या हाताचा अंगठाच तोडला. पंधरवड्याने पुन्हा चाचणी, तेव्हाही हेच झालं तर सुई. तोवर कुणी घरी सांभाळेल का, असं बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

आता तो माझ्या खोलीत आहे. खोलीत सोबत राहणाऱ्या वेल्डरदादांनी बजावलंय की तुम्हा दोघांतला एक इथून जाईल. त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं, जाणारा मीच. सुट्टीला येत नाही, रागावू नकोस. काही सुचलं तर कळव.

लोभ कमी करू नकोस.
तुझा भिंगऱ्या

९ मार्च

चि. भिंगऱ्या,
अनेक आशीर्वाद.

शिव्या दिल्या, पोचल्या असतील. एक काम धड न टिकवणारा तू, आणि जबाबदारी घेतलीस ती दातवाल्याची! मामा येणार नाही म्हटल्यावर पोरं हिरमुसली. मामाने कुत्र्याला शब्द दिलाय असं सांगितलं, तर थोरली म्हणाली, मग मामाचं बरोबर आहे. घे, वकीलही मिळाली.

आता ऐक. बाबा आजारातून उठले तेव्हा ताटाजवळ कुणी गेलं की हात आडवा घालायचे, आठवतं? आपल्याला वाटायचं, चिडलेत. आईने बरोबर ओळखलं. पथ्यासाठी त्यांच्या पुढचं ताट सारखं उचललं जायचं, त्याची त्यांनी धास्ती घेतली होती. मग ती रिकाम्या हाताने ताटाजवळ जाईना. जायची, काहीतरी वाढायची आणि मागे फिरायची. उचलायची काही नाही. पुढे बाबाच तिची वाट बघायला लागले. आता तर वाढलं नाही की रुसतात.

तसंच कर. काहीतरी चांगलं खायला लांबून टाक आणि निघून जा. घाई करू नकोस, तुझ्या अंगात तीच जास्त. वेल्डरदादांना नमस्कार सांग, त्यांची मला खरंच दया येते.

लोभ आहेच, तो मागायला नको. तुझं पत्र मात्र मागावं लागतं.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. रोज लांबून उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा आणि पाठ फिरवायची. आधी गुरगुर, मग नुसतं बघणं, मग शेपूट. शेवटी हात वाडग्यात घातला तरी पठ्ठ्या बाजूला सरकून वाट बघायचा. वेल्डरदादा वरच्या पलंगावरून म्हणायचे, एवढी अंडी मला घातली असतीस तर मीपण गुरगुरलो नसतो. नंतर तेच गुपचूप स्वतःच्या ताटातलं त्याला टाकायला लागले.

काल चाचणी झाली. माझी अक्कल बघ! सगळा सराव माझ्या हाताने केला, रबरी हात ध्यानातच आला नाही. दांडा पुढे आला आणि खत्रूड गुरगुरला. बाईंनी कागदावर पेन टेकवलं. कुणाला न विचारता पिंजऱ्यात शिरलो आणि वाडग्यात हात घातला. तो मुकाट सरकला. हात काढ म्हणून बाई ओरडल्या. रबरी हात काय हौसेने ठेवलाय का, म्हणाल्या, तुझ्याआधीच्या माणसाचं बोट गेलंय. आणि तुला ओळखतो म्हणून दुसऱ्याला चावणार नाही कशावरून? बरोबरच होतं. एवढंच म्हणालो की त्याला हात चालतो, दांडा चालत नाही.

मग त्यांनी हातमोजा काढला, आत आल्या आणि स्वतःचा हात वाडग्यात घातला. खत्रूड सरकला आणि त्यांच्या हाताकडे बघत बसला. हात रिकामा! बाईंनी त्याच्याच वाडग्यातला एक दाणा उचलून पुढे धरला. त्याने तो असा अदबीने घेतला, जशी काही मेजवानीच.

सुई टळली. लहान मुलं नसलेल्या घरीच द्यायचा, असं ठरलं. माझ्याकडेच राहू दे, असं मी म्हणून आलो. संध्याकाळी वेल्डरदादांना सांगितलं, तर म्हणाले, तुझा काय भरवसा, उद्या उठून पळशील. कुत्रा माझ्या नावावर लिही. ताई, हसू आलं आणि लागलंही. पण आज तसं लिहून आलो.

म्हणजे तो दादांजवळ राहील आणि मी सुट्टीला येतोय. पोरांना सांग. दोनच दिवस राहीन, तिसऱ्या दिवशी सकाळी निघेन. कुठूनही निघताना परतीचा दिवस मी याआधी कधी ठरवला नव्हता.

लोभ आहे तसाच राहू दे, भेटीत वसूल करून घेतो.
तुझा भिंगऱ्या