ताईच्या डोळ्यांतल्या जुन्या पेशी

प्रिय ताई,

आज दुपारी नेत्रपेढीतून फोन आला. डाळ मिलमधल्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून रस्त्यावर आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्या डोळ्यांवरचे पारदर्शक पडदे दोघांना बसवले आणि दोघांनाही दिसू लागलंय. तेव्हापासून कामात लक्ष नाही. तुला सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

मी आठवीत होतो. तू मुदखेडच्या शाळेत नुकतीच विज्ञानाची बाई झाली होतीस. सुट्टीच्या दिवशी मला प्रयोगशाळेत नेलंस, काडीनं माझ्या गालाच्या आतून हलकंच खरवडलंस, ते काचपट्टीवर पसरून निळा रंग टाकलास आणि सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलंस. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग फिकट निळे, वेडेवाकडे तुकडे, प्रत्येकात एक गडद ठिपका.

"हे काय हाय?"

"तूच हायस. ह्या तुझ्या पेशी. ठिपका दिसतो ना, ते केंद्रक. पेशीनं कसं वागायचं, ते त्यात असतं."

मी कितीतरी वेळ हललो नाही. मला वाटायचं, मी म्हणजे एक माणूस. इथं तर गावच्या गाव होतं.

मग मी विचारलं, "माणूस मेला की ह्या सगळ्या एकदमच मरतात का?"

"न्हाई रे. प्राणवायू मिळायचा थांबला की मेंदूतल्या लई लवकर जातात. काही मात्र तासन्‌तास तग धरतात."

ते उत्तर तुझ्यासाठीच लागेल, हे कुणाला ठाऊक होतं?

छातीत दुखतंय हे तू आम्हाला का सांगितलं नाहीस, ताई? वर्गातल्या लेकराचं साधं पोट दुखलं तरी त्याला घरी पोचवायला जायचीस. नांदेडच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिथल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "डोळे द्याल का? काही तासांतच घ्यावे लागतात."

आबा उसळले. चुलते असले तरी बापाच्या जागी तेच. "पोरीला आंधळी करून पाठवायची? फुडच्या जन्मी काय बघंल ती?"

मी त्यांना पेशींचं सांगू लागलो. तुझं काळीज थांबलंय, पण डोळ्यावरचा पडदा अजून जिवंत आहे, असं. ते ऐकेनात.

तेव्हा माय बोलली. तोवर ती तुझा हात धरून बसली होती. "जन्मभर लेकरांना दाखवीतच आली ती. आताबी दाखवू द्या."

आबा खाली बसले. डोळे घेऊन झाल्यावर मायनं तुझ्या पापण्यांवरून बोटं फिरवली. चेहरा होता तसाच होता, जराही बिघडला नव्हता.

आज फोनवर मी डॉक्टरबाईंना प्रयोगशाळेतली गोष्ट सांगितली आणि विचारलं, "पडद्यात ताईच्याच पेशी आहेत का अजून?"

त्या म्हणाल्या, गालातल्या पेशी काही दिवसांत झडतात आणि नव्या येतात. ह्या पडद्यात मात्र रक्तवाहिन्या नसतात, तो बराचसा प्राणवायू हवेतूनच घेतो. सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो. त्या जवळजवळ नव्यानं तयार होतच नाहीत. पडदा स्वच्छ ठेवायचं काम त्याच जन्मभर करतात.

मी रस्त्यावरच उभा राहिलो. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. प्रयोगशाळेत पाहिलेल्या माझ्या पेशी केव्हाच गेल्या. पण मी जन्मलो तेव्हा मायच्या कुशीत वाकून तू मला पाहिलंस, तो उजेड ज्यांच्यातून आत गेला, त्या पेशी आज कुण्या अनोळखी माणसाला उजेड देताहेत. ताई, हे तुला ठाऊक होतं का?

मायला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना लेकरं हायत का? बघितली का त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. मग आबांनी फोन घेतला.

"म्हणजे बघतीय की पोरगी अजून," ते म्हणाले. "दत्ता, माझ्या टायमाला कुणाला इचारत बसू नगंस. देऊन टाक."

देईन, ताई. त्यांचेही, आणि माझ्यानंतर माझेही. आज जेवताना घरात सगळ्यांना सांगतो.

तुझा धाकटा,
दत्ता
लातूर