टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या

कोपरखैरणे,
रविवार, ८ डिसेंबर १९९६

प्रिय बुशरा,

तुला आणि मुलांना दुआ.

आज सुट्टी होती. कपडे धुतले, डाळभात केला. माझी तब्येत बरी आहे, अम्मीला तसं सांग.

संध्याकाळी आपल्या धाकट्या बासितच्या कॉलेजचे पाध्ये सर आले. त्याने अंदमानच्या बेटांवरून जमवलेले सिकाडे, म्हणजे झाडावर किर्र ओरडणारे ते किडे, ते न्यायला आले होते. ही जात तिकडे ब्रह्मदेशातून गेली की सुमात्रातून, हे बासित शोधत होता. त्याच्या मागे राहिलेलं काम सर पुरं करणार होते.

किड्यांची एक पेटी उघडून म्हणाले, "रशीदभाई, टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या कुठायत?"

बासितच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर गावी निघताना अम्मीने त्या काढून रुमालात बांधून नेल्या, असं मी सांगितलं. तिला वाचता येत नाही, पण अक्षर बासितचं होतं.

सर म्हणाले, "पंख बघून जात मी सांगेन हो. पण कुठला किडा कुठल्या बेटावरचा, ते आता कोण सांगणार?"

चिठ्ठ्या परत आणल्या तरी कुठली कुणाखालची, हे कळायचं नाही. तेव्हा मागू नकोस, आणि अम्मीला यातलं काही बोलू नकोस. ती अजून तो रुमाल उशाशी घेते का? नीट जेवते का?

सर पेट्या न घेताच गेले. मुंग्या लागू नयेत म्हणून डांबरगोळ्या आणल्यात. पत्र पाकिटात घातलं की गोळ्या पेट्यांत ठेवतो.

तुझा भाई,
रशीद